पासिंग झालेल्या गाडीखाली

गाडी लिफ्टवर चढली, चारही चाकं लोंबू लागली, आणि मिस्त्रींनी पुढचं डावं चाक वरून-खालून धरून आत-बाहेर हलवलं. काही जाणवलं नाही. मग दोन्ही बाजूंनी धरून हलवलं. तेही घट्ट. पर्यटकांना महाबळेश्वर आणि कोकण फिरवणारी ही टॅक्सी, फिटनेसची तपासणी नुकतीच पार करून आलेली. चालकाची तक्रार एवढीच होती की स्पीड ब्रेकरवरून उतरताना डावीकडून ‘टक’ असा आवाज येतो. "आत्ताच पासिंग झालंय, मिस्त्री. तिथं काही निघालं नाही," तो म्हणाला. मिस्त्रींनी टॉमी, म्हणजे लहान पहार, उचलली, तिचं टोक लोअर आर्म आणि चाक धरणाऱ्या नकलच्या फटीत घातलं आणि दाब दिला. बॉल जॉइंट डोळ्यांना दिसेल इतका उचलला गेला. "पासिंगला इथं टॉमी कोण घालतं, दादा?" ते म्हणाले.

पुण्यातल्या या गॅरेजमध्ये मी अधूनमधून उभा राहतो तो असले क्षण पाहायलाच. तपासणी करणाऱ्याने कामचुकारपणा केला, असं या टॅक्सीबाबत मी म्हणणार नाही. त्याने चाक हलवून पाहिलं असेल, तर त्याच्याही हाताला ते घट्टच लागलं असणार. प्रश्न आहे तो हा सांधा झिजतो कसा आणि ती झीज दिसते कधी याचा.

बॉल जॉइंटची रचना आपल्या खुब्याच्या सांध्यासारखी. पोलादी गोळा, त्याला धरणारी वाटी, मधे अस्तर आणि ग्रीस, वरून रबरी बूट. बूट फाटलं की पावसाचं पाणी आणि रस्त्यावरची बारीक रेती आत शिरते, ग्रीस बाहेर येतं, गोळ्यावर गंज चढतो आणि अस्तर खरवडलं जातं. हे सगळं होत असताना गाडी सरळ चालते, टायरही बराच काळ बरे दिसतात. शेवटी गोळा वाटीतून निखळतो, चाक आडवं पडतं आणि स्टीअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. सस्पेन्शनमधल्या बाकीच्या बहुतेक बिघाडांनी गाडी त्रास देते. या बिघाडाने ती रस्ता सोडते. म्हणून मला त्याची एवढी काळजी वाटते.

ही झीज लपते ती वजनाखाली. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. त्यात गाडीचा भार स्प्रिंग आणि स्ट्रटमधून थेट बॉडीवर जातो, खालच्या बॉल जॉइंटवर उभा भार फारसा नसतो. अशी गाडी बॉडीखालून उचलून टॉमी लावली की प्ले, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, सापडतो. पण ज्या जीपवजा गाड्यांत आणि पिकअपमध्ये स्प्रिंगचा किंवा टॉर्शन बारचा जोर लोअर आर्मवर असतो, तिथे बॉडी उचलून भागत नाही. तो जोर सांध्याला ताणून धरतो आणि झिजलेला सांधाही नव्यासारखा घट्ट लागतो. तिथे जॅक आर्मखालीच, सांध्याच्या जवळ लावून भार काढावा लागतो. स्टीअरिंगच्या टाय रॉड एंडचं आणखी वेगळं. तो चाकं जमिनीवर असताना तपासलेला बरा. एकाने वर बसून स्टीअरिंग थोडंथोडं डावं-उजवं करायचं आणि दुसऱ्याने खाली सांध्यावर बोटं ठेवायची. अँटीरोल बारला जोडलेल्या लिंक रॉडचीही एक खोड आहे. एकाच बाजूचं चाक उचललं की अँटीरोल बार पिळला जातो, लिंक ताणली जाते आणि तिचा खडखडाट गायब होतो. दोन्ही चाकं एका पातळीवर असली तरच ती हाताने हलवून कळते. म्हणजे एकाच गाडीतले वेगवेगळे भाग तपासायला गाडी वेगवेगळ्या तऱ्हांनी उभी करावी लागते. तपासणीच्या रांगेत गाडी एकाच तऱ्हेने उभी असते.

आर्मच्या रबरी बुशचं दुखणं तर उभ्या गाडीत दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. वरून तडे दिसतात, पण वरवरचे तडे आणि धातूच्या नळीपासून सुटलेलं रबर यांत फार फरक आहे. मिस्त्री चालकाला गिअर टाकून ब्रेकवर किंचित पुढे-मागे ओढायला सांगतात आणि स्वतः बाजूला बसून आर्म किती सरकतो ते बघतात. पावसाळ्यात हे निदान आणखी अवघड होतं. ओल्या रबराची कुरकुर थांबते आणि गिऱ्हाईक सांगतं, आवाज आपोआप गेला! स्प्रिंगचंही तसंच. तिच्या तळाचं वेटोळं पत्र्याच्या वाटीत बसलेलं असतं, तिथे पाणी साचतं, स्प्रिंग तिथेच तुटते आणि तुटका तुकडा वाटीतच दडून राहतो. तो टॉर्च मारून, हात घालूनच सापडतो.

आता यंत्रांबद्दल. २०२१ साली केंद्राने स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम आणले, त्यांत सांध्यांचा प्ले तपासण्याची सोय आहे. चाकाखालच्या लोखंडी पाट्या पुढे-मागे आणि आडव्या सरकतात आणि खड्ड्यात उभा असलेला माणूस टॉर्च घेऊन सांधे पाहतो. गाडीचं वजन चाकांवर असतानाच पाटी चाकाला ओढते, त्यामुळे हाताने न कळणारा पुष्कळ प्ले इथे उघडा पडतो. हे यंत्र मला मनापासून आवडतं. पण पाहणारा डोळा माणसाचाच लागतो, आणि खाली प्लास्टिकचं कव्हर असेल तर त्या डोळ्यापुढेही पडदाच असतो. शॉकप तपासणारं यंत्र निराळं. त्यात चाकाखालची पाटी सेकंदाला सुमारे २५ वेळा हलवतात, मग वेग उतरत जातो, आणि उसळणाऱ्या चाकाची पकड जागेवरच्या वजनाच्या किती टक्क्यांपर्यंत घसरते ते मोजतात. बॉनेट दाबून गाडी किती वेळा झुलते हे बघण्यापेक्षा हे कितीतरी बरं. तरी टायरमध्ये हवा कमी-जास्त असली तर आकडा बदलतो, आणि बॉल जॉइंट सैल असला तरी शॉकपचा आकडा चांगला येऊ शकतो. हिरवा दिवा लागला तो शॉकपपुरता, एवढं गाडीमालकाला कुणीतरी सांगायला हवं.

ब्रिटनमध्ये १९६० पासून एमओटी नावाची तपासणी आहे आणि तीन वर्षांपुढच्या खाजगी मोटारींनाही ती दरवर्षी करावी लागते. तिथेही तपासनीसाला कुठलाच भाग उघडण्याची मुभा नाही. पण तिथली एक पद्धत आपण उचलावी असं मला वाटतं. भाग नापास करण्याइतका झिजलेला नसला, तरी झीज सुरू झाल्याची नोंद कागदावर लिहून देतात. मालकाला पुढच्या वर्षापर्यंत काय बघत राहायचं ते कळतं. आपल्या पास-नापासच्या कारभारात बूट फाटलेली, पण सांधा अजून घट्ट असलेली गाडी पास होते, आणि फाटलेलं बूट कागदावर कुठेच येत नाही. खरं तर तीच वेळ दुरुस्तीची. पुढे पावसाळा गेला की बुटावर भागत नाही, आर्मच बदलावा लागतो.

आणि हे सगळं टॅक्सीचं. व्यावसायिक गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी तपासणीला उभी राहते. तुमची-माझी खाजगी गाडी मात्र नोंदणीनंतर थेट पंधराव्या वर्षी तपासणीला जाते. मधे फक्त पीयूसी, आणि ते धुरापलीकडे काही बघत नाही. पंधरा वर्षं खड्डे आणि स्पीड ब्रेकर खाल्लेल्या गाडीखाली सरकारी टॉर्च एकदाही पडत नाही, हे मला तपासणीच्या दर्जाहून मोठं न्यून वाटतं.

त्या टॅक्सीचा लोअर आर्म बदलला. जुना आर्म बाकावर ठेवून मिस्त्रींनी गोळा बोटाने फिरवला तेव्हा तो कुठेही न अडता गरागरा फिरला. नवा जॉइंट हाताला घट्ट लागतो. नवा आर्म बसवताना बुशचे बोल्ट त्यांनी आधी सैलच ठेवले, गाडी खाली उतरवली, वजन चाकांवर आल्यावर मगच आवळले. लोंबत्या चाकांवर आवळलेलं बुश गाडी खाली आल्यापासून पिळलेलंच राहतं आणि वेळेआधी फाटतं. घाईच्या गॅरेजमध्ये ही पायरी हमखास गाळली जाते.

तेव्हा तपासणी लपलेली झीज पकडते का? चाकाखाली सरकत्या पाट्या असतील, खाली बघणारा जाणकार असेल आणि त्याला वेळ दिला असेल, तर बरीचशी पकडते. नुसतं चाक हलवून पाहिलं तर फार थोडी. जुनी गाडी घेताना फिटनेसचा कागद पाहून थांबू नका. ओळखीच्या मिस्त्रीकडे गाडी लिफ्टवर घ्या, टॉमी लावायला सांगा आणि स्वतः खाली वाकून प्रत्येक बूट पाहा. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, दोन्ही वेळा.