सातपुड्यातलं शेत आणि उपग्रहाची साक्ष

जुना नकाशा आणि नवं उपग्रहचित्र शेजारी ठेवून अनिल कुलकर्णी व सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवून दिलं, की हिमालयातल्या चिनाब, पार्वती आणि बास्पा खोऱ्यांतल्या ४६६ हिमनद्यांचं क्षेत्र १९६२पासून २१ टक्क्यांनी घटलं. काल-आजची ही तुलना सातपुड्यातल्या चोपडा, यावल, शिरपूरच्या पाड्यांवर मात्र माणसांच्या पोटाशी येऊन भिडली.

२००६च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ ही तारीख ठरवली. त्याआधीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला चार हेक्टरपर्यंत हक्क मिळणार होता. मग त्या काळचं शेत दाखवणारं चित्र हा पुरावा झाला.

पण त्या काळच्या चित्रांची नजर केवढी? १९८८च्या आयआरएस-१ए उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याच्या चित्राचा सर्वांत लहान चौकोन, म्हणजे पिक्सेल, ७२.५ मीटरचा; एकराहून मोठा. १९९५च्या आयआरएस-१सीवरच्या लिस-३ कॅमेऱ्याचा साडेतेवीस मीटरचा. त्यात एकराचे जेमतेम सात चौकोन, त्यातले काही बांधावरचे, अर्धं शेत नि अर्धं रान. महिनाही महत्त्वाचा. हिमनदीचं चित्र ताजा बर्फ वितळल्यावरचं घेतात. सातपुड्यात मार्चमध्ये सागाची पानगळ झालेली आणि ज्वारी निघालेली असते. तेव्हा रान आणि शेत दोन्ही सारखीच करडी दिसतात.

शेजारच्या गुजरातेत अशा चित्रांवरून दावे नाकारले गेले. २०१२च्या सुधारित नियमांनी स्पष्ट केलं, की उपग्रहचित्र इतर पुराव्यांना जोड देईल, त्यांची जागा घेणार नाही. २०१३ साली गुजरात उच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. तरी दावे रखडतच राहिले. नोव्हेंबर २०१८मध्ये लोकसंघर्ष मोर्चा या संघटनेच्या हाकेला ओ देऊन खान्देशातले आदिवासी ठाण्याहून मुंबईला पायी गेले. वनहक्कांचा निपटारा ही त्यांची मोठी मागणी होती.

आज सेंटिनेल-२ची दहा मीटरची चित्रं मोफत मिळतात. २०१५नंतर कुठं नव्याने झाडं तुटली, हे त्यांत दिसतं; जंगल राखायला त्यांचा उपयोग व्हायलाच हवा. पण २००५चं शेत ती दाखवू शकत नाहीत. ते जुना बांध, विहीर, घराचा चौथरा आणि पाड्यावरची म्हातारी माणसं सांगतात. नियमांनी हे पुरावे मानले आहेत.

म्हणून ग्रामसभांना एवढंच सांगणं: चित्र पुढे आलं की त्याची तारीख विचारा, चौकोन केवढा ते विचारा, आणि शिवारात उभं राहून केलेल्या स्थळपाहणीशिवाय एकही दावा निकाली निघू देऊ नका.