मौर्यांचें मातृकुल आणि ‘चंद्रगुप्त’ कादंबरी

ऐतिहासिक कादंबऱ्यांनीं मराठी वाचकांच्या मनांत जे समज रुजविले, त्यांत मौर्य घराण्याच्या उत्पत्तीविषयींचा समज फार दृढ आहे. चंद्रगुप्त हा मुरा नांवाच्या स्त्रीचा पुत्र, म्हणून मौर्य, असें सुशिक्षित मनुष्यही निःशंकपणें सांगतो. हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांची ‘चंद्रगुप्त’ ही कादंबरी ज्यानें वाचली आहे, त्याला तर याविषयीं पुरावा मागावा असें वाटतच नाहीं. प्रस्तुत लेखक शिक्षक असतां वर्षानुवर्षें हेंच वर्गांत सांगत असे. तेव्हां ही दुरुस्ती प्रथम स्वतःचीच आहे.

कादंबरींतील कथा थोडक्यांत अशी. मुरा ही किरातराजाची कन्या युद्धानंतर नंदाच्या अंतःपुरांत येते. सवती मत्सरानें तिला वृषली ठरवितात. तिचा पुत्र औरस नव्हे म्हणून त्यास मारण्याची आज्ञा होते. मूल दैवयोगानें वांचतें, गोपांत वाढतें आणि चाणक्याच्या हातीं लागतें. पुढें तो तरुण मुरेचा भाचा म्हणून पाटलिपुत्रांत येतो. तो आपलाच पुत्र हें तिला उशिरा कळतें. अंतःपुरांतील हें गुपित म्हणजे त्या कथेचा प्राण होय.

आतां या मुरेचा माग काढीत मागें गेलें असतां काय आढळतें? विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसां’त चाणक्य राजाला ‘वृषल’ म्हणून हांक मारतो, राक्षस त्याला कुलहीन म्हणतो, तर दुसऱ्या एका ठिकाणीं तो नंदान्वयांतलाच असल्याचें सांगितलें आहे. विष्णुपुराणाच्या मूळांत मुरेचें नांवही नाहीं. तें टीकाकारानें घातलें. सविस्तर हकीकत मिळते ती ढुंढिराजाच्या ‘मुद्राराक्षसा’वरील टीकेंत. हा टीकाकार तंजावरच्या भोसले राजांच्या आश्रयास होता आणि त्याची टीका इसवी सन १७१३ ची आहे. म्हणजे चंद्रगुप्तानंतर सुमारें दोन सहस्र वर्षांची. तींतही मुरा ही वृषलाची कन्या असून तिच्या पुत्राचें नांव मौर्य. चंद्रगुप्त हा तिचा नातू!

व्याकरणही या कथेस अनुकूल नाहीं. पाणिनीच्या ‘स्त्रीभ्यो ढक्’ (४-१-१२०) या सूत्राप्रमाणें मुरेच्या अपत्यास ‘मौरेय’ म्हणावें लागेल. ‘मौर्य’ हें रूप पुल्लिंगी ‘मुर’ शब्दापासून होतें व तो शब्द ४-१-१५१ या सूत्राच्या गणांत आहे. उलट, बौद्धांच्या महापरिनिब्बानसुत्तांत पिप्फलिवनाचे मोरिय बुद्धाच्या अवशेषांचा वांटा क्षत्रिय म्हणून मागतात, आणि महावंस चंद्रगुप्तास त्याच मोरियांच्या कुळांत घालतो. हेमचंद्राच्या परिशिष्टपर्वांत तो मयूरपोषकांच्या ग्रामप्रमुखाच्या कन्येचा पुत्र आहे. गिरनारच्या रुद्रदामन्‌च्या लेखांत (सुमारें इ. स. १५०) ‘मौर्य राजा चंद्रगुप्त’ एवढाच उल्लेख आहे, मातेचें नांव नाहीं.

राहिला ‘वृषल’ शब्द. तो जन्मानें शूद्र अशाच अर्थीं घेण्याची आपल्याला संवय झाली आहे. परंतु मनु (१०-४३) क्रियालोपामुळें वृषलत्वास पोंचलेल्या क्षत्रिय जाति सांगतो, व दुसरीकडे (८-१६) धर्माचा उच्छेद करणारास वृषल म्हणतो. तेव्हां या एका शब्दावरून कोणाची आई दासी ठरविणें हें न्यायाचें नव्हे. जिच्या अस्तित्वासही समकालीन आधार नाहीं, अशा एका स्त्रीवर आपण शतकानुशतकें हीनत्वाचा शिक्का मारीत आलों आहों.

मग कादंबरी टाकून द्यावी काय? मुळींच नाहीं. मात्र ती मौर्यकालाचा पुरावा म्हणून न वाचतां, ती ज्या काळीं लिहिली गेली त्या काळाचा पुरावा म्हणून वाचावी. आपट्यांनीं वृषलाच्या कन्येची राजकन्या केली, हा बदल अत्यंत बोलका आहे. सवतींचा आरोप खोटा ठरतो. परंतु वृषलीच्या पुत्रानें राज्य कां करूं नये, हा प्रश्न कथेंत अनुत्तरितच राहतो. गोपांत वाढलेला मुलगा राजा होतो खरा. पण तो मुळांतच राजबीज होता, असा दिलासा वाचकाला मिळतो. त्या काळच्या वाचकवर्गाला गुणांचें कौतुक होतें, परंतु कुलावरची श्रद्धा सुटलेली नव्हती. ब्राह्मण टीकाकार, बौद्ध ग्रंथकार आणि जैन आचार्य यांनीं आपापल्या सोयीनें एकाच पुरुषास निरनिराळीं कुळें दिलीं. कादंबरीकारानें तीच परंपरा पुढें चालविली.

‘चंद्रगुप्त’ पुन्हा वाचावयास घेणारानें मुरेच्या दुःखानें अवश्य हेलावून जावें. ती शक्ति त्या लेखणींत आहे. परंतु वंशावळ लिहावयास बसतांना तें पुस्तक मिटून ठेवावें.