जुने यंत्र, नवा सुटा भाग आणि वादाचे मूळ

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अजूनही पुष्कळसे काम शब्दावर चालते. यंत्र बंद पडले की मालक आधी मिस्त्रीला बोलावतो; किती पैसे होतील, हे नंतर ठरते. तेलाच्या इंजिनांना ही रीत पुरली. जुन्या संगणकांना आणि संगणकीय नियंत्रणावर चालणाऱ्या जुन्या यंत्रांना मात्र ती पुरत नाही.

उदाहरणादाखल शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एखादा छोटा कारखाना डोळ्यांपुढे आणावा. तेथील ‘सीएनसी’ यंत्र १९९०च्या दशकातले आहे. त्याचे लोखंड अजून मजबूत आहे, पण कामाचा प्रोग्रॅम साडेतीन इंची फ्लॉपीवरूनच भरावा लागतो. सोनी कंपनीने जपानमधील फ्लॉपीची विक्री २०११ मध्ये थांबवली. जपान सरकारने आपल्या नियमांतील फ्लॉपीची सक्ती २०२४ मध्ये संपविली. केवळ फ्लॉपीसाठी लाखोंचे यंत्र भंगारात कोण काढणार? म्हणून फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा आणि पेन ड्राइव्ह घेणारा ‘एम्युलेटर’ मागविला जातो.

असे भाग विकणारा अनेकदा एकटाच असतो. तोच डाग देतो, तोच पार्सल बांधतो आणि फोनही तोच घेतो. भाग येतो, बसविला जातो आणि यंत्र ढिम्म राहते. ‘माल खराब दिला’ असे ग्राहक म्हणतो. ‘माझ्याकडे तपासूनच पाठविला होता’ असे विक्रेता सांगतो. गंमत अशी, की दोघेही खरे बोलत असू शकतात.

फ्लॉपी ड्राइव्हची केबल ३४ तारांची असते. जोड सारखा दिसला तरी प्रत्येक उत्पादकाने सर्व तारा सारख्याच अर्थाने वापरल्या नाहीत. ३४ क्रमांकाच्या तारेवर एक यंत्र ‘फ्लॉपी बदलली’ हा संकेत शोधते, तर दुसरे ‘ड्राइव्ह तयार आहे’ हा. ड्राइव्हचा क्रमांक ठरविणारा ‘जंपर’ चुकीच्या जागी असला, तर यंत्राला ड्राइव्ह दिसतच नाही. शिवाय जुन्या वीजपुरवठा संचातील कपॅसिटर सुकलेले असतात. पाच व्होल्टच्या जागी साडेचारच मिळाले, तर नवा भागही चालत नाही. काही नियंत्रकांत यंत्राची मूळ मूल्ये बॅटरीच्या आधारे स्मृतीत टिकतात. बॅटरी संपलेली असताना वीज बंद केली, की ती पुसली जातात. दोष जुना असतो, आळ मात्र नव्या भागावर येतो.

यामागे पैशाचे गणितही आहे. भागाच्या किमतीत फोनवर खर्ची पडणारे तास धरलेले नसतात. एका तक्रारीत चार विक्रींचा नफा जातो. ग्राहकाच्या बाजूने पाहिले, तर बंद यंत्राचा प्रत्येक दिवस अंगावर येतो. विक्रेता फोन टाळू लागतो आणि ग्राहकाला फसविल्याची भावना होते.

अशा वेळी गप्प बसणे किती महागात पडते, हे ब्रिटनमध्ये दिसले. १९८२च्या ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ संगणकाचे खेळ चालविणारे ‘वेगा प्लस’ हे हातातले उपकरण तयार करण्यासाठी ‘रेट्रो कॉम्प्युटर्स लिमिटेड’ या छोट्या कंपनीने २०१६ मध्ये चाहत्यांकडून पाच लाख पौंडांहून अधिक रक्कम जमविली. उपकरण वेळेवर आले नाही, परताव्याच्या मागण्या वाढल्या आणि २०१९ मध्ये कंपनी गुंडाळण्याची पाळी आली.

आपल्याकडे अशा वादांत २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा उपयोगी पडतो. पण त्यात एक मेख आहे. व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा या कायद्याने ‘ग्राहक’ ठरत नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी ती स्वतः वापरणाऱ्याला मात्र सूट आहे. म्हणजे स्वतः यंत्रावर उभा राहणारा कारागीर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकेल. मोठ्या कारखान्याला बहुधा दिवाणी न्यायालयच गाठावे लागेल. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाचे शुल्क नाही. विक्रेत्यानेही ध्यानात ठेवावे, की ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कोल्हापूरच्या एकट्या दुकानदाराला त्यासाठी नागपूरही गाठावे लागू शकते.

त्यापेक्षा एक कागद स्वस्त पडतो. ग्राहकाने मागणीबरोबर नियंत्रकाचे नाव, जुन्या ड्राइव्हचे आणि जंपरचे छायाचित्र व मोजलेले व्होल्टेज कळवावे. यंत्रातील मूल्ये आधी उतरवून घ्यावीत. विक्रेत्याने हमी भागाची आहे की यंत्र सुरू करून देण्याची, परत घेण्याची मुदत किती, कुरिअरचा खर्च कोणाचा आणि फोनवर कधी भेटणार, हे लिहून द्यावे. मदतीचे पैसे वेगळे घ्यायचे असतील, तर तेही आधीच सांगावे.

जुनी यंत्रे चालती ठेवणारी माणसे आता थोडीच उरली आहेत. त्यांतला एक जण तक्रारींना कंटाळून दुकान बंद करतो, तेव्हा त्याच्या गिऱ्हाइकांची यंत्रेही पुढच्या बिघाडाला भंगाराच्या वाटेला लागतात. शब्दाचा मान राखायचा असेल, तर यापुढे तो कागदावर उतरविलेलाच बरा.