तीन पट्ट्या, एक धनुष्य: थर चिकटवून नेमकं काय साधतं?

संशोधनाच्या तयारीत असलेल्या मित्रमैत्रिणींनो, लॅबमध्ये तुम्हाला दोन प्रकारची माणसं भेटतील. एक म्हणतात, "गणित झालंय ना, मग प्रयोग कशाला?" दुसरी म्हणतात, "हाताला कळतंय ना, मग गणित कशाला?" या दोघांना एकाच बाकावर बसवणारी एक वस्तू आज बघू: लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून, तिरंदाजाच्या मापाने बनवलेलं पारंपरिक धनुष्य. गणित बारावीच्या पलीकडचं नाही.

आधी हिशोब ऊर्जेचा

धनुष्य म्हणजे एक स्प्रिंग. समजा, 28 इंच ओढीला 40 पौंड, म्हणजे सुमारे 178 न्यूटन बल लागतं. दोरी मुळातच मुठीपासून सात-आठ इंच लांब असते, त्यामुळे ती प्रत्यक्षात साधारण 20 इंच, म्हणजे अर्धा मीटर मागे येते. बल आणि अंतर यांचा आलेख सरळ रेषा धरा. त्याखालचं क्षेत्रफळ येतं सुमारे 45 जूल.

ही सगळी ऊर्जा बाणाला मिळत नाही. दोरी सोडल्यावर धनुष्याच्या भुजाही धावतात आणि आपला वाटा घेतात. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ पॉल क्लॉपस्टेग यांनी याचा सुटसुटीत हिशोब मांडला: बाणाच्या वस्तुमानात एक 'आभासी वस्तुमान' मिळवायचं, जणू तेवढं ओझं बाणासोबतच उडतंय. बाण 30 ग्रॅमचा आणि आभासी वस्तुमान 10 ग्रॅम असेल, तर बाणाला तीन चतुर्थांश ऊर्जा मिळते आणि वेग येतो सेकंदाला सुमारे 47 मीटर. भुजांची टोकं सर्वांत वेगाने धावतात, म्हणून तिथला प्रत्येक ग्रॅम महाग पडतो. चांगल्या धनुष्याची टोकं निमुळती का असतात, ते इथे कळतं. आणि बाण न लावता दोरी का सोडू नये, तेही. बाण नसेल तर सगळी ऊर्जा भुजांनाच पचवावी लागते, आणि त्या तडकू शकतात.

पाठ आणि पोट

तिरंदाजाच्या समोरची बाजू म्हणजे पोट, पलीकडची पाठ. धनुष्य वाकलं की पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. मधे कुठेतरी एक पातळी असते, जिथे ताणही नाही आणि दाबही नाही. पृष्ठभागावरचा स्ट्रेन म्हणजे जाडीचा अर्धा भाग भागिले वाकाची त्रिज्या. भुजा 14 मिलिमीटर जाड असेल आणि 700 मिलिमीटर त्रिज्येत वाकली, तर 7 भागिले 700, म्हणजे 1 टक्का. लाकडाला हे बरंच आहे.

आता मुख्य अडचण. लाकूड तंतूंच्या दिशेने ताण जितका सहन करतं, तितका दाब सहन करत नाही. त्यामुळे पोटाकडचे तंतू आधी चेपतात. तिथे बारीक आडव्या सुरकुत्या पडतात, धनुष्य कायमचं थोडं वाकडं राहतं आणि त्याचा जोर जातो. पाठ मात्र क्वचित चेतावणी देते. एखादा तंतू तुटला की धनुष्य थेट मोडतं, तेही चेहऱ्याजवळ.

इंग्लंडच्या जुन्या यू लाकडाच्या धनुष्यांत यावर आयता उपाय होता: सालीलगतचं लाकूड पाठीला, गाभ्याचं पोटाला. 1545 साली बुडालेल्या मेरी रोझ जहाजातून अशी शंभराहून जास्त धनुष्यं मिळाली आहेत. प्रत्येक झाड एवढं उदार नसतं. म्हणून थर.

थरांची वाटणी

पाठीला बांबू घ्या. बांबूचे मजबूत तंतू बाहेरच्या सालीकडे सर्वांत दाट असतात, म्हणून ती बाजू बाहेर ठेवायची आणि तासायचं ते आतून. पोटाला इपे किंवा ओसेज ऑरेंजसारखं घट्ट, दाब सोसणारं लाकूड. मधल्या थराला मेपलसारखं तुलनेने हलकं लाकूड चालतं, कारण तिथे ताण-दाब कमी असतो. पण थांबा, मधला थर रिकामटेकडा नाही! थर एकमेकांवरून घसरू पाहतात, आणि ती घसरण थोपवणारं बल मध्यावरच सर्वांत जास्त असतं. गोंद कमी पडला तर धनुष्य तिथेच उकलतं. म्हणून चिकटवायच्या पृष्ठभागांवर धूळ-तेल नको, लाकूड नीट वाळलेलं हवं आणि शिकंजे जवळजवळ हवेत.

पाठ जितकी मजबूत तितकं चांगलं, असंही नाही. बांबू जाड ठेवला तर ती तटस्थ पातळी पाठीकडे सरकते आणि बिचाऱ्या पोटावर जास्त दाब येतो. म्हणून बांबू तासून मधोमध तीनेक मिलिमीटरवर आणतात. एक भाग सुधारला की दुसऱ्यावर काय येतं, हा प्रश्न तुमच्या कुठल्याही सिस्टिमला विचारा.

गणित कुठे थांबतं

भुजेचा ताठपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात असतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. रुंदी 10 टक्के घटवली तर ताठपणा 10 टक्के घटतो. जाडी 10 टक्के घटवली तर 0.9 चा घन 0.729, म्हणजे 27 टक्के गेला. 1930 च्या दशकात क्लॉपस्टेग, क्लॅरेन्स हिकमन आणि फॉरेस्ट नॅगलर यांनी अशाच हिशोबांनी आणि मोजमापांनी दाखवलं, की इंग्लिश धनुष्याच्या गोलसर छेदापेक्षा रुंद-चपटा छेद लाकडाकडून जास्त काम करून घेतो. हिकमन यांचा शोधनिबंध 1937 चा आहे. शक्य असेल तर वाचाच.

पण हे गणित लाकूड सगळीकडे सारखं धरतं, आणि लाकूड तसं नसतं. एकाच फळीत गाठ असते, रेषा तिरकी जाते. म्हणून शेवटचं काम टिलरिंगचं. धनुष्य भिंतीवरच्या आधारावर ठेवून दोरीने थोडंसं ओढायचं, दोन्ही भुजांचा वाक बघायचा, ताठ जागी पेन्सिलने खूण करायची आणि पोटाकडून फक्त तिथेच कानशीने किंवा पत्र्याने खरवडायचं. मग वीस-तीस वेळा हलकं वाकवायचं, म्हणजे झालेला बदल दिसतो. पुन्हा बघायचं. ठरवलेलं बल आलं की त्यापुढे ओढायचं नाही, ओढ कितीही कमी असो. दर इंचाला किती बल, हे वहीत लिहायचं. खरवडलेलं लाकूड परत लावता येत नाही. मोजके सॅम्पल हातात असलेल्या कुठल्याही पीएचडीवाल्याला हे सांगायला नको.

म्हणजे गणिताने सांगितलं कुठली पट्टी कुठे, आणि कुठे हात जपून चालवायचा. किती खरवडायचं, ते या लाकडाने सांगितलं.

घरी करून बघा

सहा सारख्या लाकडी फूटपट्ट्या आणा. तीन सुतारकामाच्या गोंदाने चिकटवा, तीन नुसत्या एकावर एक ठेवा. दोन्ही गठ्ठे पाळीपाळीने टेबलाच्या कडेला घट्ट धरा, 25 सेंटीमीटर बाहेर ठेवा, टोकाला एक किलो लटकवा आणि टोक किती खाली येतं ते मोजा. सुट्या तीन पट्ट्यांचा ताठपणा एकीच्या तिप्पट. चिकटलेल्या तिघींची जाडी तिप्पट, म्हणून ताठपणा 27 पट. गुणोत्तर 9 यायला हवं.

तुम्हाला बहुतेक 9 येणार नाही. सुट्या पट्ट्यांमधलं घर्षण, टेबलाशी धरलेली सैल जागा, गोंद, की फूटपट्ट्यांच्या जाडीतला फरक? एका वेळी एकच गोष्ट बदला आणि कारण शोधा. आलेला आकडा वहीत लिहा, पण 9 करून लिहू नका.