भुकटीवरील जकात आणि दुधाचा भाव

दूध ही वस्तु आपल्या घरीं इतकी नित्याची आहे कीं, तिच्या भावाचा बंदरावरील जकातीशीं कांहीं संबंध असेल हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. पिंप्राळा हें एके काळचें खेडें आज जळगांव शहराचेंच उपनगर झालें आहे. समुद्र येथून शेंकडों मैल दूर. तरीही येथील चहांत पडणारें दूध आणि तें डेअरीला घालणाऱ्या शेतकऱ्याचा संसार, या दोहोंचा धागा बंदरापर्यंत जाऊन पोहोंचतो. तो कसा, हें थोडक्यांत पाहूं.

परदेशी मालावर सरकार जो कर बसवितें ती जकात. आणि अमुक वजनापर्यंतचाच माल कमी जकातीनें येऊं द्यावयाचा असें ठरविलें म्हणजे तो कोटा. पूर्वी दुधाच्या भुकटीवर जागतिक करारान्वयें भारतास मुळींच जकात बसवितां येत नव्हती. नव्या वाटाघाटींनंतर, २००० सालच्या सुमारास, ती शेंकडा ६० पर्यंत बसविण्याची मोकळीक मिळाली. परंतु तिच्या बदल्यांत दरवर्षीं १०,००० टन भुकटी शेंकडा १५ जकातीनें येऊं देण्याची अट पत्करावी लागली. जून २०२४ मध्यें केंद्र सरकारनें या कोट्याची परवानगी जाहीर केली, तेव्हां महाराष्ट्रांत गाईच्या दुधाचा भाव लिटरमागें २५ ते २७ रुपयांपर्यंत घसरलेला होता. दूधउत्पादकांनीं आंदोलनें केलीं, आणि राज्य सरकारनें लिटरमागें ५ रुपये अनुदान जाहीर केलें.

आतां हिशेब करूं. एक किलो भुकटीस मलई काढलेलें ११-१२ लिटर दूध लागतें. म्हणजे सारा कोटा ११-१२ कोटी लिटर दुधाबरोबर झाला. भारताचें २०२३-२४ सालचें दुधाचें उत्पादन सुमारें २३.९ कोटी टन, म्हणजे दिवसाला ६५ कोटी किलो. तेव्हां हा कोटा एका दिवसाच्या दुधाचा पांचवा हिस्साही नव्हे! मग एवढा आक्रोश कां, असें वाचक विचारतील; आणि प्रश्न रास्त आहे.

त्याचें उत्तर असें कीं, पुष्कळसें दूध घरीं किंवा गांवींच खपतें. पावसाळ्यानंतरच्या पुष्ट काळांत जें उरतें त्याची भुकटी होते. या उरलेल्या दुधास डेअरी काय भाव देऊं शकेल, तें भुकटीच्या भावावर ठरतें. आणि उरलेल्या लिटराचा जो भाव, तोच मग सगळ्या दुधाचा होऊन बसतो. गोदामें भरलेलीं असतां आणखी माल येणार ही नुसती बातमीही भाव पाडावयास पुरते. इकडे सरकीची ढेप आणि कडबा यांवांचून मात्र एक दिवसही चालत नाहीं.

म्हणून परकी भुकटी सर्वथा त्याज्य, असें नव्हे. १९७० सालीं सुरू झालेल्या दुग्ध महापूर योजनेंत युरोपांतून १,२६,००० टन भुकटी आणि ४२,००० टन बटर ऑइल दान म्हणून यावयाचें होतें. वर्गीज कुरियन यांनीं तो माल मातीमोल भावानें बाजारांत ओतूं दिला नाहीं. येथील दुधाच्या भावास धक्का न लावतां तो शहरांतील डेअऱ्यांना विकला, आणि त्या पैशांतून सहकारी दूधव्यवसाय उभारला. जळगांवचा जिल्हा दूध संघ हें या सहकारी पद्धतीचें आपल्या घरचेंच उदाहरण होय.

शेजारी राष्ट्रांतही हा तंटा आहेच. कोट्याबाहेरील लोण्यावर कॅनडाची जकात शेंकडा २९८.५ आहे. २०२० सालच्या करारानें अमेरिकेस कांहीं कोटा मिळाला. पण त्याचे परवाने कोणास द्यावे यावरून दोघांचा वाद लवादापर्यंत गेला.

तात्पर्य, जकात किती हा अर्धाच प्रश्न. कोटा केव्हां उघडावा आणि तो कोणाच्या हातीं असावा, हा उरलेला अर्धा. उन्हाळ्याच्या कृश काळांत जी भुकटी मुलांच्या पेल्यांत दूध घालील, तीच पुष्ट काळांत गोठा रिकामा करील. स्वस्त दुधाची गोडी शहरांतील कुटुंबांस चार महिने लागेल. परंतु कालवड दुभती होण्यास तीन वर्षें लागतात. भाव पडला म्हणून विकलेली गाय, भाव चढला म्हणून दुसऱ्या दिवशीं दावणीला परत येत नाहीं.