युद्धकाळातील स्थानबद्ध आणि न्यायाची फेरतपासणी

युद्ध सुरू झाले की शासन शत्रुराष्ट्राच्या नागरिकांना, गुन्हा सिद्ध झालेला नसतानाही, अटकेत ठेवते. यालाच स्थानबद्धता म्हणतात. अशा बंदिवानाला ठरावीक शिक्षा नसते. म्हणून सुटकेची तारीखही नसते. प्रकरणाची प्रामाणिक फेरतपासणी हाच त्याचा आधार असतो.

आम्हा महाराष्ट्रातील कॅथोलिकांना हा विषय परका नाही. 1914 साली पहिले महायुद्ध पेटले, तेव्हा मुंबई-पुणे मिशनची धुरा जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंकडे होती. संगमनेर, राहाता या परिसरात त्यांनी श्रद्धेचे बीज पेरले होते. केवळ जन्मभूमीमुळे ते संशयास पात्र ठरले. अनेक जर्मन मिशनरी अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) छावणीत स्थानबद्ध झाले. 1915 व 1916 साली ‘गोलकोंडा’ जहाजाने कित्येकांना मायदेशी पाठविण्यात आले आणि मिशन पोरके झाले.

1939 साली त्याच नगरमध्ये पुन्हा जर्मन नागरिक डांबले गेले. त्यांत हिटलरच्या छळातून निसटलेले ज्यूही होते! नाझी कोण आणि निर्वासित कोण, हे पडताळण्यासाठी सर माल्कम डार्लिंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिच्या चौकशीनंतर अनेकांची सुटका झाली. परंतु 1940 साली युरोपात जर्मनीची सरशी होताच त्यांपैकी बऱ्याच जणांना पुन्हा अटक झाली. भय वाढले की कालचा निर्णय आज टिकत नाही, हे येथे दिसते.

अलीकडचे उदाहरण ग्वांटानामोचे. 2004 साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तेथील बंदिवानांच्या फेरतपासणीचे काम नौदलाच्या राखीव दलातील रिअर अ‍ॅडमिरल जेम्स मॅकगॅरा यांच्या देखरेखीखाली सुरू झाले. तीन लष्करी अधिकाऱ्यांची मंडळे 558 प्रकरणे तपासून गेली. केवळ 38 जण ‘शत्रुयोद्धे नाहीत’ असे ठरले. बंदिवानाला वकील मिळत नसे आणि गोपनीय पुरावा त्याला दाखविला जात नसे. 2008 साली त्याच न्यायालयाने ही पद्धत अपुरी ठरवून बंदिवानांना न्यायालयात दाद मागण्याचा हक्क दिला.

आपल्या राज्यघटनेच्या कलम 22 नुसार प्रतिबंधात्मक स्थानबद्धता तीन महिन्यांहून अधिक लांबवायची असल्यास सामान्यतः सल्लागार मंडळाचे मत आवश्यक असते. कुंभार पिंपळगावसारख्या गावातील सामान्य माणसालाही हे माहीत असावे. फेरतपासणी झाली एवढ्यावर आपण समाधान मानू नये. आरोप काय, पुरावा कोणता आणि ऐकणारा निःपक्षपाती आहे का, हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. बंदिवानाची विचारपूस करण्याची प्रभूची शिकवण आपल्याला येथवर घेऊन येते.