आदेशाआधीचा पासपोर्ट

पडद्यावर टोकनचा नंबर येतो आणि ताई बाळाला कडेवर घेऊन उठते. भावोजींकडे फाईल, माझ्याकडे दुधाची बाटली नि झबल्यांची पिशवी. बाळ आठ महिन्यांचं आहे. ताईच्या मंगळसूत्राची वाटी तोंडात घालायचा त्याचा उद्योग सकाळपासून चालू आहे.

काउंटरवरची मुलगी एकेक कागद स्कॅन करते. चार वर्षांखालच्या मुलांचे फोटो घरून काढून आणावे लागतात, मागे पांढरा रंग हवा. आमच्या फोटोत मागे पांढरी चादर आहे. नीट पाहिलं तर बाळाच्या काखेपाशी चादर जराशी फुगलेली दिसते. तो ताईचा हात. बाळ अजून बसताना कलतं.

"जन्मदाखला?"

"आदेश झाला की मिळेल," भावोजी सांगतात. "दत्तकाचं चालू आहे अजून. बाळ आमच्याकडेच असतं."

ती पुढची पानं उलटते. 'कारा' या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवरचा बाळाचा अहवाल, दत्तक संस्थेचं पत्र, आदेश होईपर्यंत बाळाला सांभाळू असं दोघांनी लिहून दिलेलं हमीपत्र. सगळं आहे, हवा तो कागद नाही. "आत मॅडमना भेटा," ती म्हणते.

आतल्या मॅडम कागद पहिल्या पानापासून वाचतात, घाई करत नाहीत. मग चष्मा काढून विचारतात, "आईच्या रकान्यात तुमचं नाव आज मी कशाच्या आधारावर घालू?"

"मीच आई आहे त्याची."

"दिसतंय मला. पण आदेश आणा."

ताईचा चेहरा उतरतो. भावोजींना पुढच्या महिन्यात सिंगापूरला रुजू व्हायचंय. तिघांनी एकत्र जायचं म्हणून तर हा सगळा आटापिटा.

मला ताईसाठी वाईट वाटतं, तरी मॅडमचं म्हणणं पटतं. बाल न्याय कायद्यानुसार आदेश ज्या तारखेपासून लागू होतो, त्या तारखेपासूनच मूल दत्तक आईवडिलांचं होतं. वैध आदेशाशिवाय मुलाला परदेशी नेणं हा गुन्हाच आहे: 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. ही कडक बंधनं उगाच आलेली नाहीत. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी, भारतीय मुलं परदेशी दत्तक देताना गैरप्रकार होतात, असं पत्र सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं. त्यावरून 1984 साली न्यायमूर्ती भगवतींनी जे निकालपत्र दिलं, तिथून मुलांच्या बाजूने दत्तकाचे नियम घडत गेले. बाळ सोपवणाऱ्या आईलाही फेरविचाराला 60 दिवस असतात. एकदा विमान उडालं की मूल कुठे आहे, कसं आहे, हे विचारायला कोण जाणार? आदेशाआधी पासपोर्ट नाही म्हणजे नाही, हेच बरोबर.

पण मग आदेश वेळेवर यायला नको का? अर्ज दाखल झाल्यापासून दोन महिन्यांत निकाल द्यावा, असं तोच कायदा सांगतो. कोर्टात फार वेळ जातो म्हणून तर 1 सप्टेंबर 2022 पासून हे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलं. आईवडिलांनी नियम पाळायचे आणि फाईलने मात्र टेबलावर पडून राहायचं, हे मला मुळीच पटत नाही. रात्री तापाने फणफणलेलं बाळ कुणाला बिलगतं, हे त्या टेबलावर कुणाला तरी कळायला हवं.

मॅडम एका चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहून देतात: आदेशाची प्रत, तुम्हा दोघांची नावं घातलेला जन्मदाखला, दोघांच्या सह्यांचं अनेक्शर डी हे घोषणापत्र. "नोंदणी केलेलं दत्तकपत्र लागेल का?" भावोजी विचारतात. "नाही. ती अट 2016 सालीच काढली. उगाच खर्च करू नका."

बाहेर आल्याआल्या भावोजी ऑफिसला फोन लावून रुजू व्हायची तारीख पुढे ढकलून मागतात. "तुम्ही पुढे व्हा, आम्ही मागून येतो," ताई म्हणते. ते मान हलवून नाही म्हणतात आणि बोलत राहतात.

ताई मग संस्थेतल्या कार्यकर्तीला फोन लावते. फाईल जिल्हाधिकारी कार्यालयात पोचली आहे, सुनावणीची तारीख लागलेली नाही.

"अर्ज दाखल कधी झाला? नाही, अंदाजे नको. शिक्का कुठल्या तारखेचा आहे ते बघून सांगा."

ती खांद्याने फोन कानाशी धरते, बाळ माझ्याकडे देते आणि फाईलच्या पुठ्ठ्यावर तारीख लिहून घेते. त्याखाली दोन महिन्यांनंतरची तारीख लिहून तिच्याभोवती गोल करते. मग समोरून येणाऱ्या रिक्षाला हात करते. "कलेक्टर ऑफिस."